उजेड सगळ्यांचा, चेहरा ज्याचा त्याचा

पोरी, लग्नसराई तोंडावर आली आणि यंदा हळदीपासून पाठवणीपर्यंतचे फोटो तू एकटी सांभाळणार, असं वहिनीनं फोनवर सांगितलं. एका लग्नाचे हजार-दोन हजार फोटो सहज होतात. एकेक हातानं सुधारत बसलीस तर पुढचा मुहूर्त दारात उभा राहील, आणि एकाचं सगळं उचलून सगळ्यांवर ओतलंस तर अल्बम परत येईल. एका फोटोवरच्या दुरुस्तीतलं दुसऱ्याला लागू पडतं तेवढंच नेमकं उचलायचं, ही खरी विद्या. ती लिहून पाठवते. नावं लाइटरूमची घेते, कारण तुझा हात त्यावर बसलाय. बाकीच्या सॉफ्टवेअरचं शेवटाकडे आहे.

हे काम आजचं नव्हे. आपल्या भिलाईच्या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या काळचे कारखान्यातले फोटो अंधाऱ्या खोलीत छापले जात. एन्लार्जरखाली कागदाची एक पट्टी टप्प्याटप्प्यानं उजेडात धरून किती सेकंद द्यायचे ते ठरवायचे, आणि त्याच उन्हात काढलेल्या बाकीच्या फ्रेमनाही तेच सेकंद द्यायचे. पण एखाद्याचा चेहरा हेल्मेटच्या सावलीत गेलेला असला, तर छापणारा तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा त्या चेहऱ्यापुरता हलवत उजेड अडवायचा. निगेटिव्हवरून छापताना उजेड अडवला की कागद तिथे उजळ राहतो. सेकंद रोलचे, पुठ्ठा चेहऱ्याचा. तुझ्या संगणकातल्या कॉपीच्या खिडकीतही विभागणी तीच आहे, नुसत्या टिकच्या खुणा झाल्यात.

१. आधी फोटो निवड, मग सुधारायला बस — अल्बमात जाणारच नाहीत अशा फोटोंवर रात्र घालवलीस, की चांगल्या फोटोंच्या वाट्याला पेंगुळलेले डोळे येतात.

२. गट पाड ते उजेडाप्रमाणे, विधीप्रमाणे नको — हळद एकच असली तरी निम्मी अंगणातल्या उन्हात लागते आणि निम्मी ओसरीच्या सावलीत, आणि दोन्हींचा रंग एका दुरुस्तीनं सुधरत नाही.

३. प्रत्येक उजेडाला एक रंगखूण दे. ६, ७, ८ आणि ९ या कळांनी लाल, पिवळी, हिरवी आणि निळी खूण लागते — रात्री अकराला डोकं चालेनासं झालं तरी खुणा बोलतात.

४. सेक्टरमधल्या क्वार्टरच्या खोलीत खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र येतात. तिथे खिडकीपाशी बसलेल्यांचा एक गट कर आणि आतल्या भिंतीपाशी बसलेल्यांचा दुसरा — दोन हातांच्या अंतरात गालाचा रंग निळसरावरून हिरवटावर जातो.

५. मांडवाचं कापड कोणत्या रंगाचं आहे ते गेल्या गेल्या बघून ठेव — लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेली दुपार आतल्या माणसांना रंगवते, आणि कडेला उभ्या असलेल्यांवर मात्र बाहेरचं पांढरं ऊन असतं.

६. गणपतीच्या मंडपात रंग बदलणाऱ्या एलईडी माळा असतील तर ते फोटो गटात बांधूच नकोस — एकामागोमाग काढलेल्या दोन फोटोंत मूर्ती एकदा जांभळी असते आणि एकदा हिरवी. आरतीच्या वेळी माळा बंद करून नुसत्या निरांजनावर काढलेले फोटो तेवढे एकत्र ठेव.

७. पंडवानीच्या, म्हणजे महाभारत गाऊन सांगण्याच्या, कार्यक्रमाचे फोटो मिळाले तर आणखी जपून. आपल्या शेजारच्या गनियारीच्या तीजनबाईंनी ही कला जगभर नेली, २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्या परंपरेतल्या कलाकाराच्या अंगावर युद्धाच्या प्रसंगी लाल दिवा पडला, तर तो लाल काढणारी दुरुस्ती कुठूनही आणून पेस्ट करू नकोस — तो रंग प्रसंगाचा आहे, त्याला चूक समजायचं नाही.

आता मूळ फोटो, म्हणजे ज्याच्यावरून उचलायचं तो. इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी जाऊ दे.

८. गटातला सर्वांत देखणा फोटो मूळ म्हणून घेऊ नकोस, मधला घे — देखण्या फोटोत बहुतेक वेळा काहीतरी खास घडलेलं असतं, उन्हाची एखादी तिरीप, नाहीतर मागून आलेला दिव्याचा झोत, आणि खास गोष्ट शंभर फोटोंना लावता येत नाही.

९. त्यात पांढरं किंवा राखाडी काहीतरी असू दे. मात्र भटजींच्या धोतरावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवण्याआधी ते धोतर निळीतून काढलेलं नाही ना, ते बघ — नीळ दिलेलं कापड डोळ्याला पांढरं दिसतं पण मोजणीला निळं असतं. ड्रॉपर ते निळं काढायला जातो आणि ती दुरुस्ती पुढे नेलीस की अख्खं लग्न पिवळं पडतं.

१०. त्यापेक्षा उजेड बदलला की ग्रे कार्डचा एक फोटो काढून ठेव, कार्ड एखाद्या चुणचुणीत भाच्याच्या हातात दे — घरी आल्यावर डब्ल्यूची कळ दाबून त्या राखाडीवर टेकवलं की सगळ्या गटाचा आकडा एका ठिकाणी मिळतो.

११. मूळ फोटोवर आधी फक्त उजेड आणि रंग बसव, तिथेच थांबून कॉपी कर, आणि मग त्याचा क्रॉप आणि चेहरा हातात घे — सगळं आटपून कॉपी करायला गेलीस तर नको त्या खुणा वेचून काढाव्या लागतात, आणि एखादी राहतेच.

१२. कंट्रोल-शिफ्ट-सी दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीत मागच्या वेळच्या खुणा तशाच असतात, म्हणून आधी 'चेक नन' दाबून पाटी कोरी कर — नाहीतर कालच्या मुंजीच्या खुणा आजच्या लग्नाला लागतात.

१३. कोऱ्या पाटीवर नेहमीच्या खुणा तीनच : व्हाइट बॅलन्स, प्रोफाइल, टोन कर्व्ह. बाकी प्रत्येक खुणेला 'हे या फोटोचं की या उजेडाचं?' असं विचार — फोटोचं असेल तर तिथेच राहू दे.

१४. शून्यही कॉपी होतं, हे कपाटाच्या दारावर लिहून चिकटव. मूळ फोटोत शॅडोज शून्यावर असतील आणि शॅडोजची खूण केलेली असेल, तर समोरच्या फोटोत तू मेहनतीनं चढवलेले चाळीस पुसले जाऊन तिथे शून्य बसतं — 'काही केलं नाही' आणि 'शून्य केलं' यांत सॉफ्टवेअर फरक करत नाही.

१५. व्हाइट बॅलन्सच्या खान्यात 'अॅज शॉट' लिहिलेलं असताना कॉपी केलंस तर आकडा जातच नाही, ते दोन शब्द जातात. मग समोरचा प्रत्येक फोटो त्याच्या त्याच्या वेळी कॅमेऱ्यानं जे ठरवलं होतं तेच धरून बसतो, आणि तू तासभर विचार करतेस की पेस्ट होऊनही रंग जुळत का नाहीत. ड्रॉपर टेकव किंवा तापमानाचा पट्टा जरासा हलव, खान्यात 'कस्टम' आलं की कॉपी कर — तेव्हाच केल्विनचा आकडा सोबत जातो. 'ऑटो'चंही असंच, तो प्रत्येक फोटोचा नवा हिशोब मांडतो.

१६. रॉ फोटोवरचा व्हाइट बॅलन्स जेपेगवर नेऊ नकोस — रॉमध्ये तो केल्विनमध्ये असतो आणि जेपेगमध्ये उणे शंभर ते अधिक शंभर अशा पट्टीवर, म्हणजे दोघांची मापंच वेगळी. मामेभावानं फोनवर काढून पाठवलेले फोटो वेगळ्या फोल्डरात ठेव आणि त्यांच्यातलाच एक मूळ धर.

१७. जुन्या ग्राहकाचे २०१२ च्या आधी सुधारलेले फोटो उघडलेस तर 'प्रोसेस व्हर्जन'ची खूण विसरू नकोस — त्या फोटोंत अजून रिकव्हरी आणि फिल लाइटचे पट्टे असतात. नवे हायलाइट्स-शॅडोज त्यांच्यावर धड बसत नाहीत.

आता एक्स्पोजर. माझा सगळ्यात जास्त राग या एका खुणेवर आहे, कारण ती कधी सगळ्यांची असते आणि कधी एकट्याची, आणि वरून बघून कळत नाही.

१८. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून, उजेड न बदलता काढलेल्या रांगेत एक्स्पोजर बिनधास्त ने. कॅमेरा स्वतः ठरवत असेल तर नेऊ नकोस — नवरीचा शालू गडद आणि शेजारच्या काकांचा सदरा पांढरा, म्हणून कॅमेऱ्यानं दोघांना वेगवेगळा उजेड दिलेला असतो.

१९. कॅमेऱ्यानं ठरवलेलं असलं तरी घाबरू नकोस. एक फोटो नीट बसव, गट निवड आणि सेटिंग्जच्या यादीतून 'मॅच टोटल एक्स्पोजर्स' दाब — प्रत्येक फोटोचं अॅपर्चर, शटर आणि आयएसओ बघून ते हिशोब जुळवतं, म्हणजे फोटोगणिक आकडा वेगळा पण दिसणं एकसारखं. फ्लॅश वापरलेले फोटो मात्र यातून वगळ — फ्लॅशनं किती उजेड टाकला ते या तीन आकड्यांत येत नाही.

२०. मैत्रीबागेत जाऊन सरावाला बस, त्यासारखी शाळा नाही. तिथला पांढरा वाघ चौकटभर घेतलास की कॅमेरा फसतो, एवढं पांढरं बघून फोटो अंधारतो आणि वाघ मळकट राखाडी येतो. तू एक्स्पोजर वाढवून त्याला पुन्हा पांढरा करतेस. तेच वाढवलेलं माप पुढच्या पिंजऱ्यातल्या हरणावर पेस्ट करून बघ, मग माझं म्हणणं कळेल — हरणाच्या तपकिरी अंगाला कॅमेरा फसलेलाच नसतो, त्यामुळे वाढवलेला उजेड त्याची पाठ जाळतो. लग्नात पांढरा वाघ म्हणजे पांढऱ्या सदऱ्यातले सासरे, त्यांचं माप सुनेवर नको.

२१. क्रॉपची खूण फक्त तिकाटण्यावरच्या रांगेला कर — हातातल्या कॅमेऱ्याची चौकट दर फोटोला सरकते आणि कुणाचं तरी डोकं उडतं.

२२. हीलिंगची खूण आकाशातल्या धुळीच्या डागांना कर, आणि डोळे झाकून नको. सेन्सरवरचा कण दर फोटोत त्याच जागी बसलेला असतो, आणि एफ-१६ सारख्या बारीक अॅपर्चरला तो ठसठशीत उमटतो. एका फोटोत पुसलेले पाच डाग पन्नास फोटोंत एकदम पुसले जातात — पण एकात जिथे आकाश होतं तिथे दुसऱ्यात झाडाची फांदी असते, म्हणून ज्या जागी डाग पुसले त्या एकदा डोळ्यांखालून घाल.

२३. हीच खूण चेहऱ्यावरच्या पुटकुळीसाठी कधीही करू नकोस — नवरी मान वळवते, दुरुस्ती जागची हलत नाही, आणि पुढच्या फोटोत नथीचा मोती गायब होतो. बघून लावलं ते तीट, न बघता लावलं तो डाग.

२४. सिव्हिक सेंटरच्या नाहीतर एखाद्या मंदिराच्या इमारतींचे फोटो सरळ करताना 'अपराइट मोड' आणि 'अपराइट ट्रान्सफॉर्म्स' या दोन खुणांतली योग्य ती निवड — पहिली खूण प्रत्येक फोटोला त्याच्या रेषा बघून सरळ करायला सांगते, दुसरी मूळ फोटोचाच वाकडेपणा सगळ्यांवर मोजून लावते. तिकाटणं हललं नसेल तरच दुसरी.

२५. नॉइज घालवण्याचं माप आयएसओ सारखं असलेल्यांतच फिरव — रात्री ६४०० वर काढलेल्याला जे लागतं ते दुपारी २०० वर काढलेल्या शालूची जर पुसून टाकतं.

इथून पुढचं नीट वाच.

भिलाईला लोक मिनी इंडिया म्हणतात ते उगाच नाही. कारखान्यासाठी देशभरातून माणसं आली आणि इथेच मुरली. आपल्या एका मांडवात तेलुगू शेजारी, बंगाली मैत्रीण, मल्याळी साहेब आणि छत्तीसगढी व्याही शेजारी-शेजारी बसतात. एका ग्रूप फोटोत गव्हाळ, सावळ्या, काळ्या, पिवळसर-गोऱ्या अशा किती छटा असतात, ते मोजायला गेलीस तर बोटं पुरणार नाहीत. त्या सगळ्यांना एका माणसाच्या मापानं उजळवणं हा मी अन्याय मानते.

२६. कलर मिक्सरमधला ऑरेंजचा ल्युमिनन्स कॉपीत घेऊ नकोस. गोरं दाखवण्यासाठी हमखास तोच पट्टा वर ओढला जातो, आणि एका नवरीवरून उचलून मांडवभर लावला की सावळ्या माणसांच्या चेहऱ्यातला कस निघून जातो — त्याच पट्ट्यात झेंडूची फुलं, सोन्याचे दागिने आणि लाकडी पाटही येतात, तेही सगळे फिके पडतात.

२७. 'मुलीला जरा गोरी करा' असं कुणी म्हणालं तर भांडू नकोस. तिचा चेहरा उजेडात आण, डोळ्यांखालची सावली हलकी कर, रंग तोच ठेव आणि तो फोटो दाखव — बहुतेकांना मुलगी नीट दिसायला हवी असते, ती तशी दिसली की दुसरं मागणं उरत नाही.

२८. रंग बरोबर आलाय का ते चेहऱ्यावरून ठरवण्याआधी कापडांवरून ठरव. मल्याळी काकूंची कसावू साडी दुधाळ क्रीम दिसली पाहिजे, बंगाली मैत्रिणीच्या साडीचं पांढरं पांढरं आणि काठाचं लाल लाल — ही दोन कापडं जागेवर आली की चेहरे आपोआप जागेवर येतात, आणि कसावू शुभ्र दिसली तर समज की उजेड निळ्याकडे गेलाय.

२९. ब्रशनं हातानं रंगवलेला मास्क कॉपी करू नकोस — तो चौकटीतली जागा लक्षात ठेवतो, माणूस लक्षात ठेवत नाही. नवरा दोन पावलं सरकला की त्याच्यासाठी रंगवलेला उजेड मागच्या खांबावर पडतो.

३०. 'सिलेक्ट सब्जेक्ट', 'सिलेक्ट स्काय' हे २०२१ पासूनचे मास्क मात्र पेस्ट केल्यावर नव्या फोटोत पुन्हा शोधाशोध करतात, म्हणून ते नेता येतात. तरी प्रत्येक फोटोत ते कशावर बसलेत ते बघ — गर्दीच्या फोटोत सब्जेक्ट म्हणून नवरीसोबत शेजारचा आचारीही धरला जातो. २०२२ मध्ये आलेला माणसं ओळखणारा मास्कही चेहऱ्यांच्या गर्दीत तपासूनच वापर.

३१. मास्क नेलास तरी त्याच्या आतलं माप अर्ध्यावर आण आणि मग फोटोगणिक वाढव — कमी पडलेलं कुणाच्या लक्षात येत नाही, जास्त झालेलं पहिल्या पानावर दिसतं.

खिडकीतल्या खुणा झाल्या. आता पेस्ट करतानाची सावधगिरी, ती पटापट सांगते.

३२. बरेच फोटो निवडलेस की त्यांतल्या एकाची चौकट बाकीच्यांपेक्षा उजळ असते, 'सिंक' दाबलं की माप त्याच्याकडून निघतं. दाबण्याआधी ती चौकट तुझ्या मूळ फोटोवरच आहे ना ते बघ — नाहीतर न सुधारलेला फोटो सुधारलेल्या दोनशेंना आपल्यासारखं करून टाकतो.

३३. डेव्हलपमध्ये असताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलंस तर, ऑटो सिंक बंद असेल तेव्हा, समोरच्या एकाच फोटोवर पेस्ट होतं. सगळ्या निवडलेल्यांवर हवं असेल तर लायब्ररीच्या ग्रिडमध्ये जाऊन पेस्ट कर — 'झालं' समजून पुढे गेलीस तर एकशे नव्व्याण्णव तसेच राहतात.

३४. ऑटो सिंक काम संपल्या क्षणी बंद कर — तो चालू असताना एकाचं नाक नीट करायला गेलीस की निवडलेल्या सगळ्यांची नाकं बदलतात, आणि तुझ्या डोळ्यांसमोर फक्त एकच असतं.

३५. 'प्रीव्हियस'च्या बटणाला हात लावू नकोस — ते काय न्यायचं विचारत नाही, मागच्या फोटोचं सगळंच्या सगळं आणून ठेवतं.

३६. गट सुधारून झाल्यावर 'सगळेच थोडे उजळ हवेत' असं वाटलं तर सिंक नको, लायब्ररीतलं 'क्विक डेव्हलप' वापर — सिंक सगळ्यांना एकच आकडा देतं, क्विक डेव्हलप ज्याच्या त्याच्या आकड्यात तेवढीच भर घालतं, म्हणून आधीची मेहनत शाबूत राहते.

३७. पूर्ण गटावर टाकण्याआधी तीन फोटोंवर टाकून बघ, एक गटातला सर्वांत उजळ, एक सर्वांत काळोखा आणि एक लहान मुलाचा — तिघांना विचार, मग तीनशेंना वाढ.

३८. पेस्ट झाल्यावर आठ-दहा फोटो निवडून एनची कळ दाब आणि शेजारी-शेजारी बघ — एकेकटा फोटो डोळ्याला सवयीचा होतो, शेजारी दुसरा आला की खोट कळते.

३९. चुकलंच तर लगेच कंट्रोल-झेड, आणि मोठं काही करण्याआधी कंट्रोल-एनचा स्नॅपशॉट — मूळ फाइलला यातलं काहीच शिवत नाही, बदल फक्त टिपणात राहतात. म्हणून त्या टिपणाची, म्हणजे कॅटलॉगची, एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवत जा.

४०. दोन कॅमेरे असतील तर दोघांची घड्याळं लग्नाआधी जुळव आणि दोघांसाठी वेगवेगळा मूळ फोटो धर — कंपनी वेगळी असली की त्याच केल्विनला एकाचा पिवळा आणि दुसऱ्याचा पिवळा वेगळा येतो. आधी एकमेकांशेजारचे दोन फोटो डोळ्यांनी जुळव, मग ज्याचं माप त्याच्याच कॅमेऱ्याच्या फोटोंत वाट.

बाकीच्या सॉफ्टवेअरचं थोडक्यात. डार्कटेबल फुकट आहे, आणि निवडून नेण्यात कुणापेक्षा कमी नाही : कंट्रोल-शिफ्ट-सीनं नेमकी कोणती मॉड्यूल उचलायची ते विचारतं, आणि पेस्ट करताना 'अपेंड' की 'ओव्हरराइट' ते ठरवता येतं. नवशिक्यानं अपेंडवरच राहावं; ओव्हरराइट समोरचं सगळं पुसून बसतं. रॉथेरपीत 'पार्शल पेस्ट' आहे, तिथे निवड कॉपीऐवजी पेस्ट करताना होते, म्हणजे एकदाच उचललेलं वेगवेगळ्या फोटोंना वेगवेगळं वाढता येतं. मला ही पद्धत फार आवडते. फोटोशॉपमध्ये अॅडजस्टमेंट लेअर दुसऱ्या उघड्या फोटोत डुप्लिकेट करता येतो, फक्त त्याच्यासोबत त्याचा मास्कही येतो, तो तिथे गेल्यावर काढून टाक. फोनवरच्या लाइटरूममध्येही कॉपी करताना काय घ्यायचं ते निवडता येतं. आयफोनच्या फोटोज अॅपमध्ये दुरुस्त्या उचलून दुसऱ्या फोटोवर ठेवायची सोय २०२२ मध्ये आयओएस १६ सोबत आली, पण घरच्या फोटोंपुरतीच ती वापर.

४१. अल्बमचं पान डोळ्यांसमोर ठेवूनच सगळं कर. करिझ्मा अल्बमचं १२ बाय ३६ चं पान उघडलं की त्यावर पाच-सहा फोटो एकत्र दिसतात, आणि नवरीचा शालू एकात राणी आणि शेजारी डाळिंबी आला, तर मुलीची आजीसुद्धा बोट ठेवते — ग्राहक एकेक फोटो बघत नाही, पान बघतो, म्हणून जे फोटो एका पानावर जाणार ते आधी एकमेकांशी जुळले पाहिजेत.

४२. पान जुळल्यावर एकेका चेहऱ्याकडे परत जा. मांडवात शंभर माणसं असतात; ज्यांचे चेहरे अल्बमात मोठे दिसणार आहेत, त्या दहा-पंधरांना प्रत्येकी दोन-तीन मिनिटं हातानं दे — कॉपी-पेस्टनं वाचवलेला वेळ यासाठीच वाचवलेला असतो. नवरीच्या बाजूला एक आणि नवऱ्याच्या बाजूला एक आजी असतेच, त्यांच्या सुरकुत्यांना हात लावू नकोस.

४३. लॅबला सगळा अल्बम पाठवण्याआधी दोन पानं नमुन्याला छापून घे, एक हळदीचं आणि एक रात्रीच्या स्वागतसमारंभाचं — तुझा पडदा आणि त्यांचा कागद यांचं जुळतंय का, ते या दोन उजेडांत कळतं.

नमुन्याची ती दोन पानं घेऊन रविवारी सकाळी ये. फाइल पाठवू नकोस, कागदच आण. खिडकीपाशी बसून, दिवसाच्या उजेडात, दोघी मिळून बघू.